शोच्या लाइनीतला दादा

आमच्या दादाबद्दल मी बोलायला लागले की आमचे हे म्हणतात, "जरा हळू, सख्खा भाऊ आहे तो तुझा." अहो, सख्खा आहे म्हणूनच बोलते! परक्यांबद्दल बोलायला मला वेळ कुठे आहे? दुकानात शिवायच्या कपड्यांचा ढीग पडलाय.

तर दादा. जन्मभर त्याने फर्निचरच्या शोरूममध्ये पलंग विकले आणि घरातल्या पलंगावर एकदाही चादर घातली नाही. गिऱ्हाईक आलं की पलंगाच्या कडेवर असा टेकायचा, एक हात उशीवर ठेवून, की बघणाऱ्याला तिथेच जांभई यावी. दिसायला देखणा. खांदे रुंद, नाक सरळ, साठीला आला तरी केस सगळे जागच्या जागी. आईने लहानपणापासून त्याचा शोच केला म्हणा ना. पाहुणे आले की इस्त्रीचा शर्ट घालून त्याला कपाटाजवळ उभं करायची आणि कविता म्हणायला लावायची. पाहुणे म्हणायचे, "वा, काय पोरगा आहे!" तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आत यायची. तिला आई म्हणायची, "ठेव तिथे." बस्. मी शेंडेफळ, मी टेबलाखाली बसून बिस्किटं खायचे, त्यामुळे माझं कुणाशी वाकडं नव्हतं. पण ताईच्या मनात ते "ठेव तिथे" रुतून बसलं ते बसलंच. "हा दाखवायचा आणि मी राबायची," असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अशा माणसाला कुत्राही तसाच मिळावा! मेंढपाळी कुत्र्यांमध्ये दोन लाइनी असतात हे मला दादामुळे कळलं. मूळ जात एकच, मेंढ्या राखणारी. पण काही लोकांनी कामाचा कुत्रा कामाच्या कुत्रीला दिला, काहींनी देखणा देखणीला दिला, आणि असं पिढ्यान् पिढ्या चाललं. आता एका लाइनीतला कुत्रा दिसतो कसाही, पण मेंढ्यांसाठी जीव टाकतो. दुसऱ्या लाइनीतल्याची पाठ उतरती, चाल झोकदार, अंगावरचा केस न् केस चकाकता, आणि मेंढी म्हणजे काय ते त्याला चित्र काढून दाखवावं लागतं. दादाकडे हा दुसरा. त्याचं कागदावरचं नाव एवढं लांब की म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागतो. घरी त्याला राजे म्हणतात. आणि दादा त्याच्याशी अहो-जाहो करतो! "राजे, जेवलात का? राजे, जरा उठता का, पंखा पुसायचाय." आम्हा बहिणींना मात्र "ए".

या कुत्र्यांच्या प्रदर्शनात एक भलताच प्रकार असतो. मी एकदा गेले होते, घरी येऊन डोकं धरून बसले. रिंगणाच्या आत एक माणूस पट्टा धरून कुत्र्याला पळवतो. आणि रिंगणाच्या बाहेर, दोरीपलीकडे, कुत्र्याचा मालक चूं-चूं वाजणारं रबरी खेळणं घेऊन, ओरडत, हात हलवत पळतो. का? तर मालक दिसला की कुत्रा पट्टा ताणून पुढे झेपावतो, कान उभे होतात आणि चाल खुलते. म्हणजे बक्षीस कुत्र्याला, दम मालकाला! दादा पंधरा-वीस वर्षं असा दोरीबाहेरून पळत आला. आधी राजेंचे वडील, मग राजे. ब्लेझर घालून पळायचा. "राजेऽऽ! इकडे बघा! राजेऽऽ!" लाज म्हणून नाही.

ताईचं उलटं. भावोजींच्या मेंढ्या होत्या आणि ते गेल्यावर ताईने त्या तशाच चालू ठेवल्या. नदीच्या लांबच लांब बांधावर चारायच्या. बांधाचं खातं आहे, त्यांनाच त्या मेंढ्या हव्या असतात, कारण उतारावर गवत कापायचं यंत्र घसरतं, आणि मेंढ्यांच्या खुरांनी माती दबून घट्ट होते. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला लोकांची वाटाण्याची शेतं. मध्ये कुंपण नाही, नांगराने ओढलेला एक उथळ चर, एवढंच. त्या चरावरून कुत्र्याने सारखी ये-जा करायची. मेंढीने चर ओलांडता कामा नये. भुंकायचं नाही, चावायचं नाही, नुसतं इथून तिथे आणि तिथून इथे. ताईची कुत्री ठिगळी हे काम अशी करायची की बघत राहावं. तिचा एक कान फाटलेला आणि रंगाचा तर काही मेळच नव्हता.

दादा आणि ताई एकमेकांशी बोलत नव्हते. भावोजी गेले त्या दिवशी दादा उशिरा आला, प्रदर्शनातून थेट, आणि त्याच्या ब्लेझरवर राजेंच्या वडिलांना मिळालेलं निळ्या रिबिनीचं फूल तसंच लटकत होतं. काढायचं राहून गेलं म्हणे. सगळे रडतायत आणि हा फूल लावून उभा! मला त्या क्षणी हसू आलं, खरं सांगते, आणि त्याचा मला अजून राग येतो. ताईने त्याच्याकडे एकदा वर-खाली पाहिलं आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून एका खोलीत बसले तरी दोघं माझ्या तोंडाने बोलायचे. "सांग त्याला, दार लाव." "सांग तिला, लावलंय." मी काय पोस्टमन आहे?

मग ठिगळी गेली. म्हातारी होऊन, ताईच्या पायाशी झोपेतच गेली. ताईने दोन दिवस अन्न घेतलं नाही, आणि इकडे मेंढ्या वाटाण्यात. ताईचे गुडघे गेलेले, ती पळणार कशी? पुन्हा एकदा वाटाण्यात शिरल्या. तिसऱ्या वेळी खात्याचे साहेब स्वतः आले. माणूस वाईट नाही, ताईच्या दारात बसून चहा प्यायला. म्हणाला, "बाई, मी महिन्याअखेरीला पाहणीला येतो. चर राखायला भरवशाचं कुणी दिसलं तर बांध तुमचा. नाहीतर मेंढ्या उतरवाव्या लागतील, माझाही नाइलाज आहे." तो गेला आणि ताई मला म्हणाली, "मेंढ्या गेल्या तर मी सकाळी उठू कशाला गं?" ताई असलं कधी बोलत नाही. 

कामाच्या लाइनीचं पिल्लू मागायला गेलं तर लोक म्हणतात थांबा, आणि शिकवलेला कुत्रा तर कुणी हातचा सोडतच नाही. शेवटी मी ताईला न विचारता दादाकडे गेले आणि सगळं सांगितलं.  तो राजेंकडे वळून म्हणाला, "काय राजे, जायचं ना? शेवटी रक्त मेंढपाळाचंच आहे तुमचं." राजेंनी तोंड फिरवलं. त्यांच्या अंगावर ड्रायर चालू होता.

दुसऱ्या दिवशी गाडी बांधावर आली. मागच्या सीटवर गादी, गादीवर राजे. ताईने कपाळाला हात लावला. मला म्हणाली, "विचार त्याला, हे काय आणलंय?"

दादा म्हणाला, "सांग तिला, मदत आणलीय."

"सांग त्याला, मदत खाली उतरव मग."

राजे उतरले. समोर सगळा कळप. राजेंनी कळपाकडे पाहिलं, एक मागचा पाय मागे नेला, मान उंचावली, छाती काढली आणि उभे राहिले. प्रदर्शनात उभे राहतात तसे. मेंढ्यांनीही चरणं सोडून वर पाहिलं. कळप राजेंकडे बघतोय, राजे लांब कुठेतरी बघतायत, आम्ही तिघं राजेंकडे बघतोय, आणि होत काहीच नाहीये.

"विचार त्याला," ताई म्हणाली, "हा बंद पडलाय का?"

"सांग तिला, अशी पोझ देणारा कुत्रा अख्ख्या जिल्ह्यात नाही!"

तेवढ्यात एक धीट मेंढी पुढे आली आणि राजेंचं तोंड हुंगायला लागली. राजेंना वाटलं, परीक्षक आले, प्रदर्शनात तपासतात तसे दात तपासायला. त्यांनी जागचं न हलता ओठ वर घेतले आणि मेंढीला दात दाखवले, वरचे, मग खालचे. तिचं समाधान झालं असावं, कारण ती त्यांच्या पोटाखालून निघाली आणि चर ओलांडून वाटाण्यात गेली. तिच्या मागे बाकीच्या. एकीने तर जाता जाता राजेंच्या अंगाला पाठ घासून घेतली. राजे जागचे हलले नाहीत. दादा म्हणतो तो संयम, मी म्हणते बिनडोकपणा.

मग दादाचा तोल सुटला. "अहो राजे, काय हे!" असं म्हणत त्याने खिशातून ते रबरी खेळणं काढलं, मेंढ्यांना वळसा घालून चराच्या पलीकडे गेला आणि इतक्या वर्षांची सवय, पळत सुटला. चूं-चूं-चूं! "राजेऽऽ! इकडे बघा! राजेऽऽ!" मेंढ्या दचकून चराच्या आत आल्या. राजेंनी कान उभे केले आणि चराच्या आतल्या कडेने, डौलात, दादाकडे बघत पळायला लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय कुत्रा चर राखतोय! बांधाच्या टोकाला दादा थांबला. राजे थांबले आणि त्यांनी पोझ घेतली. मेंढ्या पुन्हा वाटाण्याकडे. दादा परत फिरून पळाला, चूं-चूं, मेंढ्या परत आत. तो थांबला की कळप चराशी, तो पळाला की कळप मागे. दगडावर बसलेल्या ताईने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती बाई! भावोजी गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

निघताना म्हणाली, "सांग त्याला, उद्या लवकर ये म्हणावं. उन्हात दम लागतो."

मग रोजचंच झालं. मी दुकान उघडायच्या आधी बांधावर एक चक्कर टाकायचे, कारण सुरुवातीला माझ्यावाचून दोघांचं अडायचं. "सांग त्याला, आता वळ." मी ओरडायचे, "दादा, वळ!" तोवर मेंढ्या पंगतीला बसलेल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी ताई वैतागली आणि तोंडात बोटं घालून तिने ठिगळीला मारायची तशी शिट्टी मारली. आणि दादा वळला! त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण वळला. एक शिट्टी म्हणजे वळ, दोन म्हणजे थांब, लांबलचक म्हणजे ये. संध्याकाळपर्यंत दादा पक्का झाला. त्यानंतर ती थेट त्याच्यावरच ओरडायला लागली, "अरे आतून नको वळू, तुडवशील चर! बाहेरून! मेंढीच्या डोळ्यात बघ, पायाकडे काय बघतोस?" आणि तो धापा टाकत म्हणायचा, "बघतो ताई, बघतो." माझी पोस्टमनकी सुटली, त्याचा आनंद मानावा की आपला भाऊ शिट्टीवर वळतोय याचं दुःख, हेच मला कळेना.

आणि राजे? पहिले चार दिवस पळाले. पाचव्या दिवशी टोकाला पोझ घेतली आणि टाळी काही वाजेना, तेव्हा येऊन ताईच्या शालीवर बसले. सहाव्या दिवशी गाडीतून उतरले ते थेट शालीवर. दादा एकटा पळत होता. आता मेंढ्यांना कुत्र्याची गरज उरलेली नव्हती, त्या दादाला ओळखायला लागल्या होत्या. ताई दुपारी एका भांड्यात राजेंना पाणी द्यायची आणि त्याच तऱ्हेचं दुसरं भांडं चराजवळ ठेवायची. दादा येऊन त्यातून प्यायचा. मी म्हटलं, "ताई, निदान ग्लास तरी दे गं त्याला." ती म्हणाली, "ग्लास आडवा होतो उतारावर." बरोबरच होतं, पण बघवत नव्हतं.

एकदा मी दादाला चांगलाच झापला. "वय काय तुझं, चाललंय काय तुझं? वहिनीला काय सांगू मी? तुझा नवरा मेंढ्यांना लागलाय?" तो गवतात उताणा पडला होता, केस पहिल्यांदाच विस्कटलेले, शर्ट बाहेर. म्हणाला, "अगं धाकटे, रिंगणात मी इतकी वर्षं पळालो, पण तिथे माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी नसतो तरी चाललं असतं. इथे मी थांबलो की वाटाणा जातो. मला कुणी अशी हाक मारलीच नव्हती गं कधी, कामासाठी."  मी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं आणि दुकानात गेले.

पाहणीचा दिवस आला. बेत असा होता: राजे चराच्या आतून पळतील, दादा बाहेरून, आणि साहेबांनी विचारलंच तर सांगायचं, हे गृहस्थ रोज इथे व्यायामाला येतात. यात जी चूक झाली ती आमच्या दादाकडूनच होऊ शकते. त्याने राजेंना आदल्या दिवशी शाम्पू लावला, विंचरलं, ड्रायर फिरवला. त्याला कितीदा म्हटलं, अरे आज काम आहे, शो नाही! पण हात थांबेनात त्याचे. आणि साहेब गाडीतून उतरले ते हातात कागद लावलेली फळी आणि पेन घेऊन. झालं! राजेंच्या लेखी फळी आणि पेन म्हणजे परीक्षक. शालीवरून उठले, साहेबांच्या पुढ्यात गेले आणि मागचा पाय मागे नेऊन उभे राहिले. साहेब डावीकडे गेले, राजे डावीकडे जाऊन उभे राहिले. साहेब बांधावर चढले, राजे वर जाऊन उभे राहिले. साहेब खाली वाकले तर राजेंनी दात दाखवले.

"हा चावतो का?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं, "तो तपासून घेतोय."

दादा खेळणं वाजवून वाजवून थकला, राजे काही हलेनात. मेंढ्या चराकडे सरकायला लागल्या. ताई पांढरीफटक पडली. दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं, खेळणं खिशात टाकलं आणि एकटाच चरावरून पळायला लागला. इथून तिथे. तिथून इथे. गप्प. वळताना बाहेरून, नजर मेंढ्यांवर. कळप मागे हटला आणि निवांत चरायला लागला. साहेब पेन तोंडाला लावून बघत राहिले. राजे साहेबांकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले, "ते गृहस्थ कोण?"

"ते होय?" मी घाईने म्हटलं. "ते जॉगिंग करतात रोज."

ताईने शिट्टी मारली. दादा वळला.

"शिट्टीवर?" साहेबांनी विचारलं.

 साहेबांनी राजेंना हलकेच बाजूला केलं आणि ताईसमोर येऊन उभे राहिले. "बाई, या कुत्र्याने आल्यापासून एकदाही मेंढीकडे पाहिलेलं नाही. तो मलाच बघतोय. खरं सांगा, चर कोण राखतंय?"

ताई म्हणाली, "कुत्रा काही कामाचा नाही, साहेब."

 अगं, थोडं तरी सांभाळून बोल! पण ताईला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जुना दुर्गुण आहे.

"मला कुत्रा असो नसो, फरक पडत नाही," साहेब म्हणाले. "मला भरवशाचं कुणी हवं. आज हे पळतायत, ठीक. उद्या येतील? पाऊस असेल, थंडी असेल, कुठे दुसरीकडे जायचं असेल त्यांना, तेव्हा येतील? मी यांना ओळखत नाही. तुम्ही ओळखता. तुम्ही म्हणाल तसं मी वर सांगतो. हा माणूस कामाचा आहे?"

दादा तेवढ्यात आमच्याजवळच्या टोकाला पोचला होता. त्याने ऐकलं असणार, कारण त्याचं पाऊल अडखळलं.  मला माहीत आहे ताईच्या डोक्यात काय काय चाललं असेल ते. कपाटाजवळचा शर्ट, चहाचा ट्रे, भावोजी आणि ती निळी रिबीन. एवढ्या वर्षांत तिने त्याच्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता, आणि आज अनोळखी माणसासमोर काढायचा होता, तोही खरा. ती खोटं बोलणार नव्हती, मेंढ्या गेल्या तरी नाही. दादालाही हे माहीत होतं. तो मान खाली घालून उभा होता.

"माझा भाऊ आहे," ताई म्हणाली. मग थांबली, गुडघ्यावर हात देऊन उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "कामाचा आहे. तुम्ही लिहा साहेब, कामाचा आहे."

साहेबांनी लिहिलं. दादाने चरातच बसकण मारली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडायला लागला. मीही रडत होते, कशाला लपवू? राजे साहेबांपुढे उभे होते. आणि मेंढ्यांना चर मोकळा दिसला, त्या दादाच्या दोन्ही अंगांनी, त्याच्या डोक्यावरून म्हटलं तरी चालेल, वाटाण्यात घुसल्या.

"अरे रडतोस काय मेल्या," ताई ओरडली, "पळ!"

दादा उठला आणि डोळे पुसत पुसत पळाला.